रिपोर्ट नॉर्मल, तरी जमीन हलते

चार-पाच दिवस दर्यावर काढून बंदरात उतरलेल्या कुठल्याही खलाशाला विचारा, पहिल्या रात्री अंथरुणावर पडलं की काय होतं. घर हलतं. डोळे मिटले की शरीर लाटेवर डुलत राहतं. मिरकरवाड्यात किंवा हर्णैला याचं कुणाला काही वाटत नाही, कारण सकाळपर्यंत, फार तर दुसऱ्या दिवशी, सगळं जागेवर येतं. होडीच्या हेलकाव्यांचा मेंदूने अंदाज बांधलेला असतो आणि पुढचा हेलकावा यायच्या आधीच तो शरीराला सावरत असतो. जमिनीवर आल्यावर तो अंदाज पुसायला थोडा वेळ लागतो, एवढंच.

काही थोड्या लोकांचा मात्र तो पुसला जात नाही. दोन दिवस उलटतात, महिना उलटतो, जमीन डुलतच असते. वैद्यकात या आजाराचं नाव फ्रेंच आहे, ‘माल द देबार्कमाँ’. विचित्र भाग असा की अशा माणसाला एसटीत बसलं की बरं वाटतं आणि उतरलं की पुन्हा सुरू. आजार विरळा, पण त्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवावी अशी आहे. कान ठीक, डोळे ठीक, मेंदूच्या एमआरआयमध्ये काही नाही, आणि तरीही तोलाचा हिशेब चुकलेला. महिनोन्महिने चक्कर अंगावर घेऊन वावरणाऱ्या, पिशवीत नॉर्मल रिपोर्टांची चळत बाळगणाऱ्या पुष्कळ लोकांच्या बाबतीत थोड्याफार फरकाने हेच झालेलं असतं. त्यांतले बहुतेक कधी होडीत बसलेलेही नसतात.

तोल सांभाळतं कोण

ऐन पावसात वाडीतली पाखाडी उतरायची आहे असं समजा. जांभ्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या, हातात छत्री. डोळे पुढची पायरी बघतात. तळपाय, घोटे, गुडघे आणि मानेचे स्नायू कळवत राहतात की वजन कुठे पडलंय, पाय किती वाकलाय. तिसरी खबर येते आतल्या कानातून.

कानाच्या पडद्याच्या बऱ्याच आत, कवटीच्या टणक हाडात, दोन्ही बाजूंना तीन-तीन अर्धगोल नळ्या असतात. त्यांत पाणी असतं. डोकं वळलं की नळी वळते, पाणी क्षणभर मागे राहतं, आणि त्यावरून मेंदूला कळतं की डोकं कुठल्या बाजूला किती वेगाने फिरलं. नळ्यांच्या बुडाशी दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूच्याच जातीचे, अतिसूक्ष्म खडे एका चिकट थरावर बसलेले असतात. डोकं कलणं, गाडीचा वेग वाढणं, लिफ्ट वर जाणं या खबरा त्यांच्याकडून येतात. ही यंत्रणा विलक्षण चपळ आहे. डोकं हलल्यावर सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात ती डोळ्यांना उलट दिशेने फिरवते, म्हणून चालता चालता एसटीची पाटी वाचता येते. ती बिघडली की पाटीवरची अक्षरं पावलागणिक नाचतात.

(आमच्याकडे चक्कर आली की कानात कोमट तेल घालतात. ते पडद्याच्या अलीकडेच राहतं. पडद्याला भोक असेल तर मात्र आत जाऊन घाण करतं. नका घालू.)

चक्कर कानातून येऊ शकते हे माणसाला फार उशिरा कळलं. १८६१ मध्ये पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएर यांनी ते मांडलं, तोवर सगळा दोष मेंदूच्या माथी मारला जात होता. पुढे व्हिएन्नातले रॉबर्ट बाराणी रुग्णांचे कान धूत असताना त्यांना दिसलं की पाणी गार असलं तर रुग्णाला गरगरतं आणि डोळे झटके देत एका बाजूला जातात, गरम असलं तर दुसऱ्या बाजूला. त्यातून त्यांनी कानाची तपासणीच बसवली. १९१४ चं नोबेल त्यांना मिळालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. त्यांची गार-गरम पाण्याची तपासणी आजही मोठ्या रुग्णालयांत होते.

तिन्ही खबरा मेंदू जमेस धरतो, पण सारख्या वजनाने नाही. अंधारात डोळ्यांचं वजन कमी होतं, कोरड्या भुसभुशीत वाळूत तळपायांचं. कोणत्या घडीला कुणावर किती विसंबायचं हे ठरवणं हेच मेंदूचं खरं काम, आणि जुनाट चक्करेत बहुधा इथेच फिसकटतं.

आधी जे बरं होतं ते शोधा

“कारण सापडत नाही” असं सांगून आलेल्या बऱ्याच जणांचं कारण नीट शोधलेलंच नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि शोधायला महागडं यंत्र लागतं असंही नाही. चक्कर गोल फिरते की डोकं हलकं होतं यावर पूर्वी फार भर असे. आता डॉक्टर त्याहून जास्त विचारतात ते हे: एक झटका किती वेळ टिकतो, आणि तो कशाने सुरू होतो?

आंबा काढताना झेला धरून वर बघितलं, कुशीवर वळलं, लावणीत वाकून उठलं, आणि सगळं गरगर फिरलं, पण मिनिटभरात थांबलं. ही कथा जवळजवळ पाठ असावी इतकी नेहमीची आहे. पिशवीतले खडे सुटून अर्धगोल नळीत गेलेले असतात. याला बीपीपीव्ही म्हणतात. पलंगावर झटकन आडवं करून, डोकं एका बाजूला वळवून डोळ्यांची हालचाल पाहिली की निदान होतं. ही तपासणी १९५२ पासून ठाऊक आहे. डोकं ठरावीक क्रमाने फिरवून खडे परत जागेवर न्यायची पद्धत अमेरिकेतले जॉन एप्ली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. काही मिनिटांचं काम, गोळी लागत नाही. आणि तरी आपल्याकडे अशा माणसाच्या मानेचा एक्सरे निघतो, पन्नाशीनंतर कुणाच्याही मानेत दिसणारी झीज त्यात दिसते, “मणक्याची गादी” असा शिक्का बसतो आणि गळ्यात पट्टा येतो. मान न हलवल्यामुळे चक्कर कमी वाटते, म्हणून पट्ट्याला श्रेय मिळतं. खडे तिथेच.

दुसरं हमखास निसटणारं कारण अर्धशिशी. डोकं न दुखताही अर्धशिशीची चक्कर येते, हे डॉक्टरांच्यासुद्धा पटकन मनात येत नाही. झटका पाच मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत कितीही. त्यात ऊन, आवाज, अगरबत्तीचा वास नकोसा होतो, जागरण किंवा कडक उपास झाला की हटकून येतो, बाईमाणसाला पाळीच्या आसपास जास्त. लहानपणी घाटात एसटी लागायची का, आईला डोकेदुखी होती का, हे डॉक्टर विचारतात ते उगाच नाही.

बाकीची कारणं भराभर सांगतो. एका कानात दडा, गुणगुण, ऐकू कमी येणं आणि काही तास गरगरणं, असे झटके वारंवार येत असतील तर मेनिएरचा आजार. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर झोपून आणि मग उभं करून रक्तदाब मोजायला सांगा. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर कारण सापडलं. एप्रिल-मेच्या घामाच्या धारांत बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांचं असं सर्रास होतं. अंधारात आणि वाळूत तोल जातो, दिव्यात बसलं की काही नाही, असं असेल तर दोन्ही आतले कान दुबळे झाले असतील. पूर्वी टीबीसाठी स्ट्रेप्टोमायसिनची किंवा कशासाठी जेंटामायसिनची इंजेक्शनं झाली असतील तर ते आवर्जून सांगा, ही दोन्ही औषधं आतल्या कानाला मारू शकतात. तळपाय बधिर असतील तर रक्तातली साखर आणि बी-१२ तपासून घ्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्याचं बी-१२ मासे खाऊनही उतरू शकतं.

आणि मग उरते ती

हे सगळं तपासून झालं, किंवा यातलंच काहीतरी होऊन बरंही झालं, तरी चक्कर राहिली. आता ती गरगरत नाही. माणूस म्हणतो, तरंगल्यासारखं वाटतं, कापसावर पाय पडतोय, कुणी मागून ढकलतंय. बसलं की बरं, आडवं झालं की आणखी बरं, उभं राहिलं की सुरू. बहुतेक दिवस असं, आणि तीन महिने किंवा जास्त. या अवस्थेला आज पीपीपीडी म्हणतात. बाराणींच्याच नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तिचे निकष २०१७ मध्ये ठरवले. त्याआधी १९८६ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी तिचं वर्णन वेगळ्या नावाने केलेलं होतं, आणि त्याच्याही शंभरावर वर्षं आधी, १८७० च्या सुमारास, बर्लिन-व्हिएन्नाच्या डॉक्टरांकडे असे लोक येत होते ज्यांना शहरातले मोठे मोकळे चौक ओलांडताना पायांखालची जमीन सुटायची.

आपल्याकडे असे चौक नाहीत, पण सडा आहे. गावाच्या डोक्यावरचा तो उघडा बोडका जांभ्याचा माळ, जिथे नजर टेकवायला जवळ झाडसुद्धा नाही. या आजाराच्या माणसाला सड्यावर उभं राहणं जड जातं आणि घरातल्या माजघरात तो ठीक असतो. उलट टोकही त्रासदायकच. गणपतीआधीची बाजारातली गर्दी, फेरीबोटीच्या कठड्यावरून दिसणारं पळतं पाणी, कोकण रेल्वेत बोगदा-उजेड-बोगदा-उजेड, मोबाइलवर सरकणारे व्हिडिओ, नव्या घरातल्या चौकड्यांच्या फरश्या. डोळ्यांसमोर खूप काही हलत असलं की तोल डळमळतो. का, तर मेंदू कानाला बाजूला सारून डोळ्यांवर नको इतका विसंबलेला असतो.

सुरुवात बहुधा एका खऱ्या धक्क्याने होते. बीपीपीव्हीचा झटका, कानाच्या नसेला आलेली सूज, अर्धशिशी, डोक्याला मार, कधी रक्तदाब एकदम पडणं, कधी भीतीचा तीव्र झटका. त्या काळात मेंदू सावध होतो. पाय ताठ, पावलं आखूड, मान घट्ट, नजर खाली, प्रत्येक पावलावर लक्ष. पडू नये म्हणून तेव्हा हे बरोबरच असतं. धोका टळला की काही दिवसांत हे सुटायला हवं, ते सुटत नाही. वादळातून सुटून होडी शांत खाडीत शिरली तरी तांडेलाने सुकाणू घट्ट आवळूनच धरावं आणि त्या आवळण्यानेच होडी थरथरावी, तसं हे आहे. अशा माणसांची तपासणी केली तर मजेशीर गोष्ट दिसते: नुसतं सरळ उभं राहा म्हटलं की ते जास्त डुलतात, आणि उभ्या-उभ्याच अवघड काम किंवा हिशेब दिला की कमी. लक्ष दुसरीकडे गेलं की जुनी, आपोआप चालणारी यंत्रणा काम हातात घेते. भजनात टाळ वाजवताना दोन तास उभी राहणारी बाई घरी भांडी घासताना कट्टा धरते, ती नाटक करत नसते.

हे मुद्दाम लिहितो, कारण या आजारात शरीरापेक्षा माणसं जास्त छळतात. ताप नाही, जखम नाही, प्लास्टर नाही. “गे बाय, दिसतंस तर बरी, मगे चक्कर कसली?” लावणीच्या दिवसांत घरात बसलेल्या सुनेला हे किती वेळा ऐकावं लागत असेल! मग दृष्ट काढली जाते, देवळात कौल लावला जातो, गाऱ्हाणं घातलं जातं. गाऱ्हाण्याला माझा विरोध नाही, माणसाला धीर येतो. पण “बाहेरचं आहे, घराबाहेर पडू नको” असं कुणी सांगितलं तर त्यातला दुसरा भाग या आजाराला खतपाणी घालतो. आणि डॉक्टरने “मनाचं आहे” म्हणून कागद परत केला तर तेही अर्धवटच. तोल आणि भीती यांचे मेंदूतले रस्ते एकमेकांत गुंतलेले आहेत, त्यामुळे काळजीने चक्कर वाढते आणि चक्करेने काळजी. मात्र निदानासाठी काळजीचा आजार असावाच लागत नाही. काळजी अजिबात नसलेल्यांनाही पीपीपीडी होते. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. खबरांचं वजन कसं लावलं जातंय ते त्या फोटोत उमटत नाही.

गोळ्या आणि चालणं

चक्करेच्या गोळ्यांबद्दल थोडं कडवट बोलावं लागेल. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन ही नावं आपल्या मेडिकल दुकानांत सगळ्यांना पाठ आहेत. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या गरगरण्यात आणि उलट्यांत त्या उपयोगी आहेत. महिनोन्महिने घेतल्या तर मेंदूची सावरायची प्रक्रियाच मंद होते, आणि वयस्कर माणसाला हाताची थरथर, अंगाचा ताठरपणा, पाय ओढत चालणं असा पार्किन्सनसारखा त्रास होऊ शकतो. मग त्याचीही वेगळी गोळी सुरू होते. जुनी चिठ्ठी दाखवून पट्टी आणत राहू नका. घेत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरला विचारून उतरवा.

पीपीपीडीत उपयोगी पडतात ती नैराश्यासाठीही वापरली जाणारी एसएसआरआय गटातली औषधं. फार थोड्या मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात, गुण यायला काही आठवडे जातात. घरच्यांनी पाकिटावरचा कागद वाचून “वेडाची गोळी” म्हणून ती फेकून द्यायचे प्रकार होतात. निदान एकदा डॉक्टरला विचारावं, का दिली.

मुख्य उपचार मात्र व्यायाम. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या दोघांनी डोक्याला मार लागलेल्या, कानाचा आजार झालेल्या रुग्णांसाठी ते बसवले. तेव्हाही त्यांचं निरीक्षण साधं होतं: जे लवकर हिंडू-फिरू लागतात ते लवकर बरे होतात. चुकलेला तोल चुकतमाकतच शिकला जातो. अंथरुणावर पडून मेंदूला शिकायला काहीच मिळत नाही.

शिकवणारा फिजिओथेरपिस्ट या विषयातला मिळाला तर उत्तम. कोल्हापूर, गोव्यातलं बांबोळी किंवा मुंबईला एकदा जाऊन शिकून यायचं आणि घरी रोज करायचं, हे आपल्याला परवडणारं गणित. ढोबळ रीत अशी. सुरुवात बसून: भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या एका तारखेवर नजर ठेवून मान डावी-उजवी, वर-खाली हलवायची, तारीख धूसर होऊ न देता. मग तेच उभं राहून. मग खळ्यात चालत, मान वळवत, आधी कुणीतरी बरोबर असताना. मग पाखाडी. मग बाजार, पण दुपारी, गर्दी नसताना. मग गर्दीत दहा मिनिटं. शेवटी फेरीबोटीची जेटी, पळतं पाणी बघत. थोडी चक्कर वाढायला हवी, तीच खूण की व्यायाम लागू पडतोय. पंधरा-वीस मिनिटांत ती ओसरली पाहिजे. दिवसभर आडवं पाडत असेल तर मात्रा जास्त झाली, उद्या निम्मं करा. बंद करू नका. दिवसाआड उत्साहाने तासभर करण्यापेक्षा रोज तीन वेळा पाच मिनिटं बरी.

आधाराचा प्रश्न नाजूक आहे. भिंत धरून चालणं, दुसऱ्याचा दंड पकडणं, सतत खाली बघणं यांनी मेंदूची खात्री पटते की धोका अजून आहे, म्हणून पीपीपीडीत हे आधार हळूहळू सोडायचे असतात. पण पायांत जोर नसलेल्या, एकदा पडून गेलेल्या आजोबांची काठी काढून घेण्याचा मूर्खपणा कुणी करू नये. दोन्ही कान दुबळे असलेल्यालाही हे आधार सोडणं लागू नाही. म्हणून तर आधी निदान हवं.

घरातली व्यवस्थाही लागते. मागीलदारी न्हाणीघर लांब असेल तर वाटेवर दिवा, आणि वीज जाणारच हे धरून उशाशी बॅटरी. पावसाआधी पायऱ्यांवरचं शेवाळ ब्लिचिंग पावडर टाकून घासून काढा, निसरड्या वाटेवर झावळ्या टाका. गरगरणारे झटके येत असताना दुचाकी, शिडी, बिनकठड्याची विहीर, एकट्याने पोहणं, सगळं बंद. घाटात एसटीच्या पुढच्या बाकावर बसून लांबवर बघायचं, मोबाइल खिशात.

डॉक्टरकडे जाताना दोन गोष्टी न्या. एक वहीचं पान: झटका कधी आला, किती वेळ टिकला, तेव्हा काय करत होता, ऐकण्यात फरक पडला का. दुसरी, जमल्यास, झटका चालू असताना घरातल्या कुणीतरी मोबाइलवर घेतलेला तुमच्या डोळ्यांचा व्हिडिओ, जवळून, चांगल्या उजेडात, डोळे उघडे ठेवून. ओपीडीत पोचेपर्यंत झटका थांबलेला असतो, आणि डोळे कुठे झटके देतात यावरून कानाच्या डॉक्टरला पुष्कळ कळतं.

सुधारणा सरळ रेषेत होत नाही. बरे दिवस वाढत जातात, आणि मध्येच ताप, जागरण किंवा शिमग्याची धामधूम झाली की आठवडाभर पुन्हा सगळं मागे गेल्यासारखं वाटतं. तेव्हा नवे रिपोर्ट काढायची घाई नको, व्यायाम चालू ठेवायचा.

मात्र जुनी चक्कर आहे म्हणून सगळंच तिच्या खात्यावर घालायचं नाही. एकदम नवी चक्कर आली आणि बरोबर जीभ जड झाली, एकाची दोन माणसं दिसू लागली, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, किंवा आधाराशिवाय उभंच राहता येईना, तर तो पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आपल्या वाडीतून सीटीस्कॅन असलेल्या रुग्णालयापर्यंतच त्यातले दोन जाऊ शकतात. सकाळपर्यंत बघू म्हणू नका, १०८ ला फोन करा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कानाच्या डॉक्टरकडे पोचा. मळ साचला असेल म्हणून आठवडा घालवला तर ते ऐकणं परत यायची शक्यता कमी होत जाते.